निदान

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आपण रोज वापरतो आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडू देत नाही. एक वैद्याचा : रोग कोणता आणि तो कशामुळे झाला, हे ठरविणे. दुसरा घरातला : ‘कमीत कमी एवढे तरी’. ‘निदान ऐकून तरी घे’ असे म्हणताना आपल्या मनात वैद्य नसतो. आमच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ गेल्या उन्हाळ्यात साताऱ्यातील एका गॅरेजच्या पत्र्याखाली अकस्मात एकत्र आले. त्याची ही हकिकत.

आम्ही दोघे बहीणभाऊ. दोघेही साहित्य शिकवितो, दोघेही गावाबाहेर असतो. अण्णा साताऱ्यात एकटे राहतात. वय चौऱ्याहत्तर, पेशा शिक्षकाचा, विषय मराठी व्याकरण. त्यांच्याकडे अकरा वर्षांची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. आई गेल्यापासून ती गाडी म्हणजे त्यांचे घराबाहेरचे सगळे जग : वाचनालय, बँक, जुने दोन मित्र, आणि पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटातून एखादी फेरी.

मागच्या दिवाळीत आम्ही दोघे त्यांच्या शेजारी-मागे बसून बाजारात गेलो. पोवई नाक्यावर गाडी थांबली, पुन्हा निघाली, आणि निघताना खालून ‘धड्’ असा आवाज होऊन सगळ्यांच्या माना हिसकल्या. गिअरची दांडी त्यांच्या हाताखाली थरथरत होती. घरी आल्यावर गाडी मागे घेताना पुन्हा तसेच. आम्ही आरशातून एकमेकांकडे पाहिले. बोलण्याची गरज नव्हती. क्लच सोडणारा पाय म्हातारा झाला होता.

अण्णा म्हणाले होते, “गाडीत काहीतरी झालंय. पहिल्याला आणि रिव्हर्सला ठोका बसतो, वरच्या गिअरला नाही.” हे वाक्य आम्हाला आज शब्दशः आठवते, कारण ते ऐकताक्षणी आम्ही ते सबबीच्या खात्यावर मांडले होते. भाऊबीज झाली आणि आम्ही किल्ली मागितली. अतिशय प्रेमाने मागितली. त्यांनी वाद घातला नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि वर्तमानपत्र उघडले. त्या न घातलेल्या वादाला आम्ही संमती समजलो.

मे महिन्यात आमच्यापैकी एकीने ती गाडी काढली. पहिल्याच वळणावर ‘धड्’. तिला वाटले, गाडीची सवय नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने चालविली. ‘धड्’. तेव्हा कुठे उमगले की तीन वेगवेगळ्या पायांना एकच म्हातारपण येणे शक्य नाही.

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये तपासणी झाली. बॅटरीचा उजेड टाकून खालून पाहिले गेले आणि क्लच व गिअरबॉक्स उघडण्याचे अंदाजपत्रक हाती पडले. आकडा पाहून गाडी विकावी असेच वाटले. विकली असती, तर आमचे पहिले निदान कायमचे खरे ठरले असते. जाता जाता घराजवळच्या मिस्त्रींना दाखवू म्हणून थांबलो.

मिस्त्रींनी प्रथम काहीच उघडले नाही. प्रश्न विचारले. आवाज जागेवर येतो की चालताना? कोणत्या गिअरला? वळताना कट्कट् होते का? मग स्टिअरिंग पूर्ण वळवून एक गोल चक्कर मारली. कट्कट् नव्हती, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा बहुधा ठीक. मोकळ्या रस्त्यावर वेग धरून गाडी न्यूट्रल केली. थरथर आली नाही, म्हणजे चाकांच्या तोलाचा दोष नव्हे. जागेवर उभी असताना मात्र इंजिनाबरोबर दांडी थरथरत होती. वाचनात जे नाही ते आधी बाजूला काढावे लागते, हे आम्ही वर्गात सांगतो. करताना आम्ही ते येथे पाहिले.

मग त्यांनी बॉनेट उघडले, चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि आमच्यापैकी एकाला आत बसविले. ब्रेक दाबून ठेवायचा, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच गाडी ओढू लागेल इतकाच हळू सोडायचा. दुसऱ्याला त्यांनी हाताला धरून गाडीच्या समोरून बाजूला घेतले. क्लच सुटला तसे सगळे इंजिन एका अंगाला कलले. रिव्हर्स टाकला, तर उलट्या अंगाला उचलले गेले आणि ‘धड्’ करून खाली बसले.

कारण साधे आहे. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडून आडवे बसविलेले असतात. हे जड धूड सांगाड्याला थेट बोल्टने आवळलेले नसते. ते तीन ठिकाणी रबराच्या माउंटिंगवर टेकलेले असते. लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पक्के चिकटविलेले रबर. इंजिन चाकांना ज्या दिशेने पिळते, त्याच्या उलट दिशेने ते स्वतः पिळले जाते. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये हा पीळ सर्वांत जास्त; वरच्या गिअरमध्ये कमी. अण्णांचे वाक्य म्हणजे सबब नव्हती, लक्षणांचे नेमके वर्णन होते.

इंजिनाला असे सैल धरण्याची कल्पना जुनी आहे. चार्ल्स गुडइयरला गंधकाच्या साह्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती 1839 मध्ये सापडली. 1931 मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत चार सिलिंडरांचे इंजिन रबरावर डोलते ठेवले आणि त्याला ‘फ्लोटिंग पॉवर’ असे नाव दिले. इंजिनाची थरथर थांबविता येत नव्हती, म्हणून तिला डोलायला जागा दिली गेली. ही जागा देणारे रबर उष्णतेने, वयाने आणि तेलाच्या ओलीने कडक होते, तडकते, लोखंडापासून सुटते. मग थरथर आत येते आणि आपण ती चालविणाऱ्याच्या नावावर लिहितो.

मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या बाजूला टॉमी घालून किंचित उचलून दाखविले. रबर आणि लोखंड यांच्यामध्ये बोटाचे नख जाईल एवढी फट उघडली. टॉमी सोडली, वजन खाली बसले, फट मिटली. मोठ्या गॅरेजातल्या उजेडात ती का दिसली नाही, ते कळले. भार वाहणारी वस्तू उभी असताना तिची भेग त्या भाराखालीच झाकली जाते.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. माधवकरांच्या ‘माधवनिदाना’ची सुरुवातच या पंचकाच्या विवेचनाने होते. यातला उपशय आम्हाला नेहमी गमतीचा वाटे. औषध, आहार किंवा विहार देऊन पाहायचे, आणि आराम पडतो का यावरून रोग ताडायचा. अण्णांच्या बाबतीत आम्ही किल्ली काढून घेतली. ठोका ऐकू येईना. आराम पडला, असे ठरविले. पण रोगी म्हणून ज्याला बाजूला केले, तो रोगी नव्हताच. उपशयाची परीक्षा चुकीच्या देहावर केली होती.

दुरुस्तीला दीड तास लागला. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला. माउंटिंग त्याच्याच खाली होते. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून त्यावर जॅक लावला, भार पेलला, मग पाना चालला. नवीन माउंटिंगचे बोल्ट प्रथम हातानेच फिरवून बसविले. शेवटची आवळणी जॅक उतरवून, भार आपल्या जागी बसल्यावर केली. नाहीतर नवे रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते, असे मिस्त्री म्हणाले. एक माउंटिंग गेले की त्याचा भार बाकीच्यांवर जातो, म्हणून उरलेली दोन्हीही टॉमीने ताणून तपासली. ती शाबूत होती. खर्च अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आला.

आय. ए. रिचर्ड्सचे ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ 1929 साली प्रसिद्ध झाले. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता द्यायच्या आणि त्यांनी काय वाचले ते तपासायचे, असा तो प्रयोग. वाचक संहितेऐवजी स्वतःच्या ठरीव प्रतिसादालाच कसा उत्तर देत बसतो, हे त्यात पानोपानी दिसते. हे पुस्तक आम्ही दोघांनीही शिकविले आहे. गाडीत बसलो तेव्हा मात्र चालकाचे वय आधी वाचले आणि धक्का नंतर. तोच धक्का पंचविशीतल्या कोणी दिला असता, तर आम्ही पहिल्या दिवशी गॅरेज गाठले असते.

गाडीची कागदपत्रे ठेवतात त्या कप्प्यात अण्णांची एक छोटी वही असते. तारीख, किलोमीटर, किती लिटर. दुरुस्तीचा आकडा लिहावा म्हणून आम्ही ती उघडली. दिवाळीच्या तीन आठवडे आधीची नोंद होती : “रिव्हर्सला ठोका. पायाचा दोष नसावा. दाखवणे.” आम्ही ती वही पूर्वी कधी उघडली नव्हती. दुसरी ओळ लिहिण्याआधी त्यांनी स्वतःच्या पायाची तपासणी करून पाहिली असणार. रिकाम्या अंगणात, एकट्यानेच, पुन्हा पुन्हा क्लच सोडून.

संध्याकाळी किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. “अण्णा, आमचं चुकलं. तुम्ही सांगत होता, आम्ही ऐकलं नाही,” एवढे आमच्यापैकी एकीला कसेबसे म्हणता आले. अण्णा काही वेळ किल्लीकडे पाहत राहिले. मग चप्पल घालून उठले. गाडी मागे घेतली : आवाज नाही. नाक्यापर्यंत नेली, सिग्नलला थांबविली, पुन्हा निघाले : आवाज नाही. परत येऊन फाटकाशी लावताना म्हणाले, “दिवसा चालवीन. रात्री मात्र नको. समोरच्या दिव्यांनी आता डोळे दिपतात. ते खरं आहे.”

मग वही मागून घेतली आणि त्या नोंदीखाली किलोमीटर लिहून पुढे लिहिले : “माउंटिंग बदलले.”