दोन गणपतींच्या मधली रात्र

दोन दिवस, एक रात्र, आठ गणपती, चहा-नाश्त्यासह. पुण्यातल्या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या पाट्यांवर अष्टविनायकाचा मजकूर वर्षानुवर्षं हाच आहे. शास्त्राने यात्रा मोरगावपासून सुरू करायला सांगितली असली तरी बसचा क्रम डिझेल ठरवतं. त्यामुळे देव मागेपुढे होतात आणि कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही. देवळात रांग, दर्शन, प्रसाद. उरलेल्या प्रवासात माणसं झोपतात. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात. सिद्धटेकचा सिद्धिविनायक भीमेपलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, पण पुण्याकडून त्याला गाठायचं ते दौंडवरून. या दोघांच्या मधला मुलूख बसच्या ओढलेल्या पडद्यांबाहेरून निघून जातो.

आत्याचे नेमके हेच दोन गणपती राहिले होते. बाकीचे तिने गुडघे धड होते तेव्हा बसने केले. आता बस नको म्हणाली, कारण बसवाला सारखं ‘चला, चला’ करतो. मग गाडी ठरवली. रोजचे किमान तीनशे किलोमीटर धरणार, वर ड्रायव्हरचा मुक्काम भत्ता. आम्हाला तेवढं अंतर लागणारच नव्हतं, पैसे मात्र तेवढ्याचे मोजायचे होते. त्या फुकट जाणाऱ्या किलोमीटरांत काय काय बसतं हे नकाशावर पाहायला लागलो आणि यात्रेची सहल झाली. ड्रायव्हर न्हावऱ्याकडचा निघाला. “लॉज कशाला दादा? इनामगावला मामाची वस्ती आहे. आजींना पण बरं पडेल,” असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

वाघोलीची गर्दी संपली की भीमा येते. नदीच्या अलीकडे, पेरणे फाट्याला, जयस्तंभ आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनीची एक पलटण शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली: पाचशेच्या आसपास पायदळ, थोडे स्वार, दोन तोफा. रात्रभर चालून सकाळी ती पलीकडच्या कोरेगावपाशी पोहोचली तेव्हा समोर पेशव्यांचं सैन्य होतं. पाणीही न मिळता दिवसभर लढाई झाली. स्तंभावर कोरलेल्या नावांत शेवटी ‘नाक’ येणारी नावं शोधत मी उभा राहिलो. ती महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर इथे आले, आणि आता त्या तारखेला लाखो लोक येतात. “त्या दिवशी इकडून गाडी जात नाही, चाकणवरून घालतात,” ड्रायव्हर म्हणाला. मला मात्र ती रात्रीची चाल सुटेना. शिरूर ते कोरेगाव, थंडीत, पायी, तोफा ओढत. आम्ही तोच रस्ता उलट दिशेने, काचा वर करून चाललो होतो.

जवळच वढू बुद्रुक. तिथे संभाजी महाराजांच्या समाधीपाशी आत्या चप्पल काढून उतरली आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. त्यांच्या मृत्यूची, ११ मार्च १६८९ ची तारीख तिला पाठ होती. पुढचा-मागचा धागा मात्र आम्हाला दुसऱ्या दिवशी, भीमेच्या खालच्या अंगाला मिळायचा होता.

शिक्रापूरहून पाबळला वळलो ते माझ्या हट्टाने. पाबळ, केंदूर, लोणी ही गावं मस्तानीला इनाम होती आणि तिची कबर पाबळला आहे. १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला गेला आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. कशाने, यावर कादंबरीकार आणि सिनेमावाले इतिहासकारांपेक्षा जास्त ठामपणे बोलतात. २०१५ च्या सिनेमातला आरसेमहाल डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्याला इथे काहीच मिळत नाही. भिंतीचं आवार, दरवाजा, साधी कबर. “एवढंच?” आत्या म्हणाली, आणि मग स्वतःच, “बरं आहे. कोणी धक्के तरी मारत नाही.” मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर पेशव्यांच्या बाजूने पानिपतात लढला आणि जखमी होऊन मेला. हे मी सांगितलं, तेव्हा आत्या परत आत गेली आणि पुन्हा नमस्कार करून आली. पहिला बहुधा तिने अर्ध्या मनाने केला असावा.

रांजणगावचं फार सांगत नाही, ते सर्वांना माहीत आहे. मूर्तीचा गाभारा थोरल्या माधवरावांनी बांधवला, आणि खरी मूर्ती तळघरात आहे, तिला दहा सोंडा नि वीस हात, असं लोक मानतात. देवळाबाहेर पेढ्यांची दुकानं, त्यापलीकडे एमआयडीसीच्या कामगारांच्या बसेस. आत्याला दर्शन मनासारखं झालं. सातवा गणपती पदरात पडला.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. इथे इंग्रजी छावणी होती, आणि तिच्या स्मशानात कर्नल विल्यम वॉलेस पुरलेला आहे. १८०९ साली मेला. गोरा अधिकारी, गोऱ्यांच्या स्मशानात. इथवर काही विशेष नाही. पण १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की घोडनदीचे आणि आसपासच्या गावांचे लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढे ठेवत. ब्राह्मण आणि मारवाडी वाणी सोडून बाकी सगळे हिंदू त्याला भजतात, असंही त्या नोंदीत आहे. का, ते त्या माणसांनाच ठाऊक. इतिहासाच्या पुस्तकांत वॉलेसला फारशी जागा नाही. पण ज्यांच्या मुलखावर त्याने पहारा बसवला, त्यांनीच त्याला देवपण देऊन टाकलं. सरकारने बांधलेल्या स्मारकांना असा नैवेद्य कधी मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दिवस कलायच्या आत इनामगाव गाठायचंच, असा ड्रायव्हरचा आग्रह होता. मामा वस्तीवर वाट पाहत होते, आणि चहाआधीच म्हणाले, “उजेड आहे तोवर बघून घ्या.”

मामा पोरवयात खोदाईवर रोजाने होते. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत इथे घोड नदीच्या काठी उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं मी पुस्तकांत वाचलेली; मामा त्यांना ‘साहेब’ लावून, गावातल्या जुन्या शिक्षकांची आठवण काढावी तसे बोलत होते. आम्ही ज्या जागेवर उभे होतो तिथे पाहायला काहीही नाही. पांढरीचं एक टेकाड, बाभळी, कडेने ऊस. खड्डे केव्हाच बुजवलेले. मामा चालत चालत पायाने जागा दाखवू लागले. “इथं चूल. इथं दोन खोल्या. तिकडं कोठार, धान्याचं. आन् त्या बांधाला पाट होता, नदीचं पाणी आणलेला.” ताजमहालापुढे गाइड नसला तरी ताजमहाल उभाच असतो. इथे मामा बाजूला झाले की नुसतं रान उरत होतं.

इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इथे माणसं राहायला आली आणि ७०० पर्यंत राहिली. सुरुवातीला ऐसपैस चौकोनी घरं, सातूचं पीक. पुढे पाऊस हटत गेला तशी घरं आकसली आणि शेवटी लहान गोल झोपड्या उरल्या. मेलेल्या माणसांना ही मंडळी गावाबाहेर नेत नसत. घरातच, जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापाशी तोडत, मग पुरत.

“का हो?” आत्याने विचारलं.

“जाऊ नये म्हणून,” मामा म्हणाले. “साहेब लोक म्हणायचे, भूत होऊन हिंडू नये म्हणून. मला वाटतं, जाऊच नये म्हणून.”

लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेल्या, पुरलेलं सापडलं. असे रांजण मामांनी ब्रशने साफ केले होते. ज्या घरात मूल गेलं त्याच घरात आई त्याच्यावरून वावरत राहायची, सारवायची, स्वयंपाक करायची. मला हे ऐकताना काही सुचेना. आत्या मात्र सहज म्हणाली, “आपल्यात पण तान्हं बाळ जाळत नाहीत, पुरतात.” तीन हजार वर्षांचं अंतर तिने एका वाक्यात काढून टाकलं.

आणि तो चार पायांचा रांजण. कच्च्या मातीचा, पोट फुगलेला, खाली चार पाय. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात तो पुरलेला सापडला. आत चाळिशीचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत. तो गावाचा प्रमुख असणार, असं अभ्यासकांनी मानलं. तो निघाला त्या दिवशी गावात काम बंद होतं, सगळे बघायला आले, असं मामांनी सांगितलं. तो रांजण आता पुण्यात, डेक्कन कॉलेजात आहे. मामांनी वाकून एक खापर उचललं. तांबडं, त्यावर काळ्या रेघा. आत्याने हात पुढे केला. मामांनी तिला ते पाहू दिलं, परत घेतलं आणि होतं तिथेच ठेवलं.

रात्री मासवडी होती. देवाला निघालेल्या माणसांना या भागात यापेक्षा चांगलं जेवण मिळत नाही. रस्सा तिखट, भाकरी बाजरीची. जेवण झाल्यावर मी अंगणात खाट टाकायचं म्हटलं, तर मामींनी सरळ नाही म्हटलं. बिबट्या. उसात वाढलेली त्याची ही कितवी तरी पिढी आहे, त्याला जंगल ठाऊकच नाही. शिरूर जुन्नर वनविभागात येतो, आणि बिबट्यांच्या बातम्यांत आता जुन्नरबरोबर शिरूरचं नाव रोज असतं. २०२५ मध्ये पिंपरखेडकडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जात होती, हे आपण शहरात बसून गंमत म्हणून पाहिलं. मामींच्या माळ्यावर तसाच एक पट्टा टांगलेला होता.

त्या आठवड्यात थ्री फेजची लाइट रात्रीची होती. मामा बॅटरी, काठी आणि मोबाइल घेऊन दारं धरायला निघाले. मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली, जनावराला माणूस कळावा म्हणून. दारं-खिडक्या लावून आम्ही आत पडलो. मोटारीची घरघर आणि लांबून येणारी लावणी ऐकत मी जागाच होतो. बाहेरच्या पाटाचं पाणी घोड धरणाचं. ते नसतं तर इथेही गोल झोपड्याच उरल्या असत्या की काय, कोण जाणे. गाणी जवळ आली की मामी कूस बदलत. लांब गेली की उठून बसत.

सकाळी काष्टीवरून दौंड. या गावाला पाहण्यासारखं काय, असं विचारलं तर कोणीही स्टेशन सांगेल. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी इथे उलटी फिरायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि तेवढ्यात सगळा डबा चहाला खाली उतरायचा. आमच्या घरातली माणसं ताजमहाल पाहायला गेली ती झेलमने, दौंडवरूनच. आत्याला आग्र्याचं सगळं धूसर आठवतं, दौंडचा चहा पक्का आठवतो. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या गावाला बगल देऊन जातात.

दौंडहून भीमा ओलांडून पेडगाव. वेड पांघरून जायचं ते हेच, ड्रायव्हरने आठवण करून दिली. औरंगजेबाचा सरदार बहादूरखान कोकलताश याने इथल्या किल्ल्याला आपलं नाव दिलं. आत यादवकाळातली देवळं. लक्ष्मीनारायणाच्या देवळावरच्या सुरसुंदरी पाहायला तेवढ्यासाठी यावं, इतक्या देखण्या. आणि याच किल्ल्यात, फेब्रुवारी १६८९ मध्ये, संगमेश्वरी पकडलेले संभाजीराजे आणि कवी कलश यांना औरंगजेबापुढे उभं केलं. इथून भीमेच्या काठाने त्यांना वढूजवळच्या तुळापूरकडे नेलं. शेवट आम्ही काल पाहिला होता, आरंभ आज पाहत होतो. आत्या पडक्या तटाला टेकून म्हणाली, “हे आधी दाखवायला हवं होतंस.” क्रम डिझेलने ठरवला होता, त्याला मी तरी काय करणार.

सिद्धटेकला पूर्वी शिरापूरच्या बाजूने होडीतून जावं लागे, आता पूल आहे. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं, गणपती उजव्या सोंडेचा, कडक. प्रदक्षिणा घालायची तर सगळ्या टेकडीला. आत्याने देवाची माफी मागून गाभाऱ्यालाच हात जोडले. एक बस लागलेली होती. तिच्यातल्या बाया सभामंडपात टेकल्या होत्या आणि त्यांचा म्होरक्या घड्याळ दाखवत फिरत होता. मी प्रसाद घेऊन आलो तोवर आत्याभोवती चार-पाच जणी जमलेल्या.

“कुठं मुक्काम केला म्हणालात?”

“इनामगावला. आमचे एक भाऊ तिथे खोदाईवर होते,” आत्या सांगत होती. रात्रीत मामा तिचे भाऊ झाले होते. “घरात पुरायचे माणसाला. पाय तोडून. आणि एकच असा निघाला की त्याला रांजणात बसवलेला, मांडी घालून, पाय जिथल्या तिथे.”

“त्याचे का नाही तोडले?”

“मोठा माणूस. त्याला कोण अडवणार?”

बसवाल्याने हॉर्न दिला. म्होरक्या ‘चला, चला’ करत आला.

“थांब की रे जरा,” पुढची बाई त्याच्यावर खेकसली आणि आत्याकडे वळली. “रांजणाला पाय किती होते म्हणालात?”