एकटीला उचलता येणारी होडी

रेड सीडरची एक पट्टी घ्या. जाडी 6 मिलिमीटर, रुंदी 19 मिलिमीटर, लांबी सव्वापाच मीटर. वजन 200 ग्रॅमच्या थोडं वर. मधोमध दोन बोटांवर तोलली की तिची दोन्ही टोकं आपसूक खाली झुकतात आणि हवेत एक बाक तयार होतो. त्या बाकाला कुठे कोपरा नसतो, कुठे फुगवटा नसतो. तो कुणी आखलेला नसतो, लाकडाच्या अंगातच असतो. पट्ट्यांची कयाक बांधायची म्हणजे अशा साठ-सत्तर पट्ट्या एकीला एक लावत जायच्या. हे काम मी माझ्या गॅरेजमध्ये केलं, आणि बहुतेक एकटीने केलं. या ‘एकटीने’बद्दल मला आज सविस्तर लिहायचं आहे, कारण ज्या होड्यांमध्ये मी वाढले त्यांची एक फळीसुद्धा एकट्याला हलत नसे.

माझं माहेर विजयदुर्गजवळ, वाघोटण खाडीच्या काठाला. त्याच खाडीत गिर्ये गावाला मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. लहानपणी आम्हाला ती म्हणजे पाणी साचलेली एक मोठी जागा, एवढंच ठाऊक होतं. माझे वडील, अण्णा, होड्यांचे सुतार. आंब्याचं खोड कोरून केलेल्या उलांडीच्या होडीपासून मोठ्या मचव्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. सागाची किंवा ऐनाची जाड फळी होडीच्या पोटाला लावायची तर आधी ती वाकवावी लागे. खाली विस्तव, वर भिजवलेली गोणपाटं, एका टोकाला दगड बांधलेले, आणि चार माणसं तिच्याकडे टक लावून उभी. फळी नरम पडली की तशीच गरम उचलून जागेवर न्यायची आणि शिकंज्यात आवळायची. मग फटींमध्ये कापूस ठोकायचा, वर राळ, बाहेरून तेल. बाईमाणसाने होडीच्या कामाला हात लावू नये, असं तिथे कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायची वेळच येत नसे. काम एवढं जड की ते कोणाचं, हे विचारायचीच गरज नव्हती. मी चुलीसाठी ढलप्या गोळा करायचे. रंध्यातून निघालेल्या लांब भेंडोळ्या वेगळ्या आणि वाकसाच्या जाड ढलप्या वेगळ्या.

एक गोष्ट मात्र अण्णांनी मला करू दिली. होडीचं अंग रंधून झालं की ते मला जवळ बोलवायचे आणि म्हणायचे, “डोळे मीट गो, आनी हात फिरव.” डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. मी बोट ठेवायचे, ते खडूने खूण करायचे आणि तेवढ्याच जागेवरून रंधा फिरवायचे. माझं सुतारकामाचं शिक्षण एवढंच, पण ते पुढे पुरलं.

मग किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या. साचा एकच, होड्या हव्या तेवढ्या. अण्णांकडे नव्या होड्या येईनाशा झाल्या, जुन्यांची डागडुजी तेवढी उरली. रेझिनच्या वासाने त्यांचं डोकं दुखायचं. मला मात्र मच्छिमारांनी केलं ते बरोबरच वाटतं. दरवर्षी होडी ओढून वर घ्या, तेल द्या, फटी भरा, हे ज्यांच्या पोटावर येतं त्यांना लाकडाचं प्रेम शिकवायचा कुणालाच हक्क नाही.

मधली मुंबईची वर्षं नोकरीत आणि लोकलमध्ये गेली. लग्नानंतर आम्ही कॅनडात आलो. मिस्टरांची नोकरी ओंटॅरिओतल्या पीटरबरो या गावी. कुठलंही गाव वाट्याला आलं असतं, पण आलं ते नेमकं होड्यांचं. एकोणिसाव्या शतकात इथल्या कारखान्यांनी सीडरच्या पट्ट्यांच्या कनू बांधून दूरदूर पाठवल्या. 1997 साली इथेच कॅनेडियन कनू म्युझियम सुरू झालं. आज त्यांच्या संग्रहात सहाशेहून अधिक होड्या आहेत, आणि 2024 पासून ते लिटल लेकच्या काठावर नव्या इमारतीत आहे. मी पहिल्यांदा गेले ते जुन्या जागेत. समुद्रापासून इतकं दूर येऊन पुन्हा होड्यांच्याच घरात शिरल्यासारखं झालं.

तिथे मी इन्युइट लोकांच्या कयाकपुढे फार वेळ उभी राहायचे. ज्या किनाऱ्यांवर झाडच नाही, तिथे समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचे तुकडे जुळवून सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. माप शिकाऱ्याच्याच अंगाचं: लांबी त्याच्या हातांच्या वावेवर, बसायच्या जागेची रुंदी त्याच्या कमरेवर आणि मुठींवर. दुसऱ्याच्या कयाकमध्ये बसणं म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा घालणं. आणि कातडं शिवायचं काम बायकांचं. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतून फिरवून बाहेर काढायची, म्हणजे टाक्यातून पाणी शिरायला वाटच राहत नाही. बर्फाच्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाचा जीव त्या टाक्यावर असे. होडी बांधणाऱ्या बायका मी पहिल्यांदा पाहिल्या त्या इथे, त्यांच्या टाक्यांमधून.

रेड सीडरची कथा वेगळी. ते झाड पश्चिम किनाऱ्यावरचं, ब्रिटिश कोलंबियाचं. तिथले हायडा लोक याच झाडाचं अखंड खोड कोरून समुद्रात जाणाऱ्या होड्या करत. बिल रीड या कलावंताने 1986 च्या व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनासाठी ‘लूटास’ नावाची पन्नास फुटी होडी अशीच एका खोडातून घडवली. कोरलेल्या खोडात पाणी भरायचं, तापलेले दगड टाकायचे, आणि वाफेने नरम पडलेली होडी दोन्ही अंगांनी रुंद करायची. ते वाचलं तेव्हा मला आमच्या वाडीतली भिजलेली गोणपाटं आठवली. इतक्या दूरच्या दोन किनाऱ्यांवर लाकडाला वाकवायची युक्ती एकच.

पट्ट्यांवर काचेचं कापड चढवायची पद्धत या सगळ्यांपेक्षा नवी. 1950 च्या सुमाराला अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या कनूच्या शर्यती खेळणाऱ्यांना हलक्या होड्या हव्या होत्या. त्यांनी सीडरच्या पातळ पट्ट्या साच्यावर जोडून वर काचेच्या धाग्यांचं कापड चढवायला सुरुवात केली. टेड मूर्स यांचं ‘कनूक्राफ्ट’ 1983 साली आलं, निक शेड यांचं पट्ट्यांच्या सागरी कयाकवरचं पुस्तक 1998 साली. घरच्या घरी होडी बांधणाऱ्या असंख्य माणसांचे हे दोघे गुरू. मीही ती पुस्तकं गावच्या वाचनालयातून आणली, परत केली, पुन्हा आणली. हात घालायचा धीर होत नव्हता.

तो धीर गोव्यातून आला. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, दिवाडी बेटावरच्या त्यांच्या यार्डात. आणि तिचं अंग म्हणजे रेड सीडरच्या पट्ट्या, वर-खाली काचेचं कापड आणि इपॉक्सी. छप्पन फुटी होडी, पण पद्धत तीच. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि लाकडाच्या वखारीत गेले. पुढे 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘म्हादेई’च्या बहिणीतून, ‘तारिणी’तून, जगाला फेरी घातली तेव्हा माझी कयाक कधीच पाण्यात उतरलेली होती.

आता काम. एक सरळ लांब तुळई घ्यायची. तिच्यावर फुटाफुटाच्या अंतराने प्लायवूडचे साचे उभे करायचे, प्रत्येक साचा म्हणजे त्या जागचा होडीचा आडवा छेद. दोरी ताणून सगळे एका ओळीत आहेत की नाहीत ते पाहायचं, आणि इथे हवा तेवढा वेळ घ्यायचा. पुढे पट्टी वाकडी बसली तर चूक साच्यात असते. मग पहिली पट्टी. तिच्या एका कडेला खोबण, दुसरीला गोलाई, म्हणून शेजारची पट्टी थोडी कलली तरी फट पडत नाही. जिथे बाक फार होतो तिथे खोबण पुरत नाही, छोट्या रंध्याने कड तिरकी मारावी लागते, आणि तो तिरकेपणा दर वितीला बदलतो. गोंद लावायचा, शिकंजा लावायचा, वाळेपर्यंत थांबायचं. दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री दोन-चार पट्ट्या. सक्तीने कुठलीही बसवायची नाही. ज्या पट्टीला दाबून धरावं लागतं ती आतून ताण घेऊन बसते आणि पुढे केव्हातरी अंग वर काढते. मला या कामातलं सगळ्यात आवडतं ते हेच. इथे जोर लावून काही मिळत नाही, म्हणून जोर कमी असलेल्या माणसाचं काही अडतही नाही.

पट्ट्या संपल्या की रंधा, मग पॉलिश पेपर. इथे मी डोळे मिटले आणि हात फिरवला. गॅरेजबाहेर ओंटॅरिओचा बर्फ होता आणि माझ्या तळहाताला उंचवटे बरोबर सापडत होते.

काचेचं कापड चढवायचा दिवस मोठा. लाकडाच्या छिद्रांतली हवा तापली की फुगते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे सोडते. म्हणून गॅरेज आधी चांगलं तापवायचं, हीटर बंद करायचा, आणि तापमान उतरत असताना काम सुरू करायचं. पांढरं कापड होडीवर अंथरलेलं असतं, खालचं लाकूड दिसत नाही. वर इपॉक्सी ओतून रबरी पट्टीने ओढत गेलं की कापड पारदर्शक होतं, जणू नाहीसंच होतं, आणि लाकडाचा लाल-तपकिरी रंग, त्याच्या सगळ्या रेषांसकट, एकदम वर येतो. मी अनेकींना हे दाखवायला बोलावलं आहे. प्रत्येकीच्या तोंडून त्या क्षणी काहीतरी निघतंच.

फोनवर अण्णांना सगळं सांगत होते. त्यांचा पहिला प्रश्न सुताराचा होता: “बरगड्ये नाय? मगे ती रवतली कशी?” मी समजावलं. आतून कापड, बाहेरून कापड, मध्ये लाकूड. होडी वाकायला लागली की एका बाजूचं कापड ताणलं जातं, दुसऱ्या बाजूचं दाबलं जातं, आणि लाकूड त्या दोघांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतं. जाडी वाढली की कडकपणा त्याहून कितीतरी जास्त वाढतो, म्हणून हलकं लाकूड चालतं, बरगड्यांची गरज पडत नाही. ते ऐकत राहिले. पटलं नव्हतं. मग मी ‘म्हादेई’चं सांगितलं. “जगाक फेरी मारून इली?” “हो.” “मगे रवता.” विषय संपला. ज्या रेझिनने त्यांचं काम गेलं त्याच रेझिनने माझी होडी झाली, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

कयाक आतून अजून अपुरी होती. वरचा आणि खालचा भाग वेगळे काढायचे, साचे उतरवायचे, आतून कापड चढवायचं, मग दोन्ही भाग पुन्हा जोडून आतल्या सांध्यावर कापडाची फीत चिकटवायची. नाळेच्या निमुळत्या टोकापर्यंत हात पोचत नाही, लांब काठीला ब्रश बांधावा लागतो. शेवटी वॉर्निश, कारण इपॉक्सी उन्हाने खराब होते. सगळं झाल्यावर वजन वीस किलोच्या आसपास भरलं. बसायच्या जागेत खांदा घालून मी ती एकटी उचलते आणि नदीपर्यंत नेते.

ओटॉनबी नदी घरापासून जवळ. नदीच्या वरच्या अंगाला पीटरबरोचा लिफ्ट लॉक आहे, 1904 साली सुरू झालेला. पाण्याने भरलेली एक प्रचंड टाकी होड्यांसकट 65 फूट वर जाते आणि दुसरी तेवढीच खाली येते. मोठ्या मोटारबोटींच्या मध्ये माझी कयाक तिथे उभी असते, आणि दर वेळी कुणीतरी विचारतं, कुठून घेतली. मी सांगते, बांधली. पुढचा प्रश्न ठरलेला: नवऱ्याने? त्याचंही उत्तर देते.

या होडीची बाजू एकतर्फी मांडायची नाही. इपॉक्सी हे रसायन आहे, निसर्गाची वगैरे भाषा तिच्याबाबतीत करू नये. कोळ्याच्या रोजच्या धंद्याला ही होडी उपयोगाची नाही. रूप इन्युइट लोकांचं आहे, त्यांच्या नावाशिवाय या होडीची गोष्ट सांगणं बरोबर नाही. पण लाकडाची होडी बांधणं ही वाडीतल्या चार दांडग्या माणसांची आणि पिढीजात हातांचीच गोष्ट होती, ती या पद्धतीमुळे बँकेत नोकरी करणाऱ्या बाईच्या गॅरेजात आली. एवढं मोठं काम दोनशे-दोनशे ग्रॅमच्या तुकड्यांत वाटलं गेलं. मला याची किंमत फार वाटते.

कोकणात ज्यांच्या घरी अजून रंधा आहे आणि पडवीत सतरा-अठरा फूट मोकळी जागा आहे, त्यांना माझी विनंती आहे: एक होडी बांधून बघा. रेड सीडर परदेशातून आणावं लागेल आणि महाग पडेल. आपल्याकडच्या शिवणीचं लाकूड हलकं आहे, फारसं पिळवटत नाही. त्याच्या पट्ट्यांची कयाक वाघोटण खाडीत उतरलेली मला बघायची आहे. मुलींना फक्त ढलप्या गोळा करायला लावू नका, पहिली पट्टी त्यांच्या हातात द्या. इपॉक्सीला हात लावताना हातमोजे घाला. आणि लाकूड कुठलंही असो, मास्क लावल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नका. सीडरच्या धुळीत प्लिकॅटिक आम्ल असतं, आणि त्याने झालेला दमा काम सोडल्यावरही कित्येकांचा सुटलेला नाही.