अब्बांची दौत आणि आमचा संगणक

आम्ही दोघी बहिणी भाषांतराची कामे करतो. थोरली उर्दू माध्यमात शिकली, धाकटी मराठी माध्यमात. त्यामुळे इंग्रजीतला मजकूर दोन्ही भाषांत हवा असला की काम आमच्या मिरजेच्या घरी येते. औषधांची माहितीपत्रके, रुग्णालयांची संमतिपत्रे, शेतीपंपांच्या पुस्तिका हेच आमचे लेखन. याला कुणी साहित्य म्हणणार नाही. पण त्यात चूक झाली तर माणसाच्या जिवाशी गाठ असते.

अब्बा कातिब होते. मुंबईला भेंडी बाजारातल्या एका छापखान्यात बोरूने उर्दू मजकूर लिहीत. १९८१ मध्ये संगणकावरची नूरी नस्तालीक लिपी आली, १९९४ मध्ये इनपेज आले आणि कातिबांचे काम आटत गेले. अब्बा दौत घेऊन मिरजेला परतले. ज्या यंत्राने त्यांची रोजी नेली ते घरात नको, असे ते म्हणाले असते तर आम्हाला नवल वाटले नसते. पण आमचा पहिला संगणक त्यांनीच साठवलेल्या पैशांतून घेऊन दिला.

भाषांतरकारांचे सॉफ्टवेअर म्हणजे आपोआप भाषांतर करणारे यंत्र नव्हे. आपण केलेले प्रत्येक वाक्य ते मूळ वाक्याशी जोडून साठवते. याला ट्रान्सलेशन मेमरी म्हणतात. पुढे तेच वाक्य आले की जुने भाषांतर समोर ठेवते. थोडा फरक असला तर किती टक्के जुळते ते सांगते. १९८४ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात ट्राडोस ही कंपनी निघाली, तिने या पद्धतीला जगभर नाव मिळवून दिले. आमच्या मेमरीत अनेक वर्षांची मेहनत साठली होती.

जुना संगणक रांगू लागला, तेव्हा आम्ही कर्ज काढून नवा घेतला. सोळा जीबी रॅम, आठ कोअरचा प्रोसेसर. वाटले, आता काम पळेल. संगणक लगेच सुरू होई, मेमरीतले वाक्यही पटकन सापडे, कारण जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी होती. पण मोठी फाइल उघडली की तीच रड! धाकटीने खोलात जाऊन पाहिले, तेव्हा कळले की आमचे सॉफ्टवेअर बत्तीस बिटचे. विंडोजवर अशा प्रोग्रामला साधारणपणे दोन जीबीच जागा वापरता येते. उरलेली रॅम रिकामी बसून राहते. कामाचा मोठा भाग ते एकाच कोअरवर करी, म्हणून बाकीचे सातही बघ्याच्या भूमिकेत. दहा खोल्यांचे घर बांधावे आणि पाहुण्याने ओसरीवरच मुक्काम ठोकावा, तसे झाले.

त्यात आमच्या दोन लिप्या. देवनागरीतले 'क्षि' डोळ्यांना एक अक्षर दिसते. संगणकाला ते चार चिन्हांतून जुळवावे लागते. उर्दू उजवीकडून डावीकडे धावते आणि मध्येच इंग्रजी नाव किंवा आकडा आला की कर्सर भलतीकडे उडी मारतो. हे सारे निभावून नेता येत होते. पण सॉफ्टवेअर मध्येच बंद पडू लागले.

रमजानचे दिवस होते. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाचे माहितीपत्रक दुपारपर्यंत द्यायचे होते. सहरीनंतर बसलो. काम संपत आले आणि पडदा गोठला. पुन्हा सुरू केले तर सकाळचे काम फाइलमध्येही नाही, मेमरीतही नाही. मेमरीची फाइल आम्ही ऑनलाइन साठवणीच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. आम्ही लिहीत असताना तीच फाइल वर चढवण्याची त्याची खटपट चालू असे. ही चूक आमचीच. घाईत मेमरीवरून फाइल पुन्हा भरून घेतली. सत्तर टक्क्यांच्या वर जुळेल ते घे, असे सांगून ठेवलेलेच होते. पाने झरझर भरली.

पाठवण्यापूर्वी एकीने मोठ्याने वाचायचे आणि दुसरीने मूळ पाहायचे, हा आमचा रिवाज. तो अब्बांचा. लिहिलेला कागद कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय ते छपाईला देत नसत. थोरली वाचत होती, "गोळी दिवसातून एकदा घ्यावी."

"आपा, थांब," धाकटी म्हणाली. "मूळात आठवड्यातून आहे."

संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावलेली आहेत. दुसऱ्या कुठल्याशा गोळीचे जुने वाक्य मेमरीने आणून बसवले होते. एकाच शब्दाचा फरक, म्हणून टक्के भरपूर. यंत्राने खोटे सांगितले नव्हते. वाक्य पुरते जुळत नाही, ही खूण शेजारीच होती. आम्ही ती पाहिली नाही.

त्या दिवशी काम उशिरा गेले, बोलणी बसली. पण आम्ही शहाण्या झालो. चौसष्ट बिटचे सॉफ्टवेअर घेतले. मेमरी संगणकातच ठेवतो आणि रोज संध्याकाळी तिची टीएमएक्स या साध्या मजकुरी स्वरूपात एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवतो. हे स्वरूप घडवणारी लिसा ही संस्था २०११ मध्ये बंद झाली, तरी ते स्वरूप चालूच आहे. ओमेगाटी हे मोफत सॉफ्टवेअर तर आपली मेमरी त्याच स्वरूपात ठेवते. उद्या कंपनी बुडाली किंवा संगणक मोडला तरी आमची वाक्ये आमच्याच हाती राहतील. अर्धवट जुळणारे वाक्य आता आपोआप भरू देत नाही.

संगणक घेताना वेग किती, हे दुकानदार सांगतो. तो बंद पडला तर आपल्या हाती काय उरेल, हे मात्र आपले आपणच विचारायचे असते.

अब्बांची दौत टेबलावर आहे. शाई केव्हाच वाळली. संध्याकाळी प्रत उतरवून झाली की ती छोटी डिस्क आम्ही दौतीशेजारीच ठेवतो.