डावीकडे, उजवीकडे, की रेषेवर?

भूमिती म्हटलं की बहुतेकांना कंपासपेटी आठवते आणि पाठोपाठ पक्ष, साध्य, सिद्धता. मला शाळेत हा प्रकार आवडायचा, कारण आकृती नीट काढली की निम्मं काम डोळेच करायचे. एखादा बिंदू त्रिकोणाच्या आत आहे हे कोणी सिद्ध करून मागितलं नाही. दिसतंय ना? झालं तर मग.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी 'कॉम्प्युटेशनल जॉमेट्री' हा इलेक्टिव्ह घेतला आणि हे 'दिसतंय ना' पहिल्याच तासाला काढून घेतलं गेलं. वर्गात आम्ही जेमतेम नऊ जण. बाकीची जनता स्कोअरिंग विषयांकडे गेली होती (प्लेसमेंटचे दिवस, त्यांचं काही चुकलं नाही). सरांनी फळ्यावर खडूने अस्ताव्यस्त ठिपके काढले. "हे खिळे आहेत असं समजा. भोवती रबरबँड ताणून सोडला तर तो कुठल्या खिळ्यांना अडकेल?" आम्ही पटापट दाखवले. "छान. आता डोळे मिटा. मी फक्त आकडे वाचून दाखवतो. आता सांगा."

वर्गात शांतता.

संगणकाची अवस्था कायम अशीच असते. त्याच्याकडे ठिपक्यांचे क्ष आणि य आहेत, चित्र नाही. पण गंमत अशी की त्याला एकच प्रश्न विचारता आला तरी या विषयातलं कितीतरी काम होतं: 'अ'कडून 'ब'कडे चालत निघालो तर 'क' माझ्या डाव्या हाताला आहे की उजव्या? उत्तरासाठी पाच वजाबाक्या आणि दोन गुणाकार पुरतात. कोन नको, वर्गमूळ नको, भागाकारसुद्धा नको. शेवटी येणारा आकडा धन असेल तर डावीकडे, ऋण असेल तर उजवीकडे. (तो आकडा म्हणजे त्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट, हे कळलं तेव्हा मला दहावीच्या बाईंना फोन करावासा वाटला होता.)

रबरबँडचं कोडं रोनाल्ड ग्रॅहमने १९७२ साली याच प्रश्नावर सोडवलं. सगळ्यात खालचा ठिपका धरायचा, बाकीचे त्याच्याभोवती कोनाच्या क्रमाने लावायचे आणि एकेकावर पाय ठेवत निघायचं. वळण डावीकडे असेल तर पुढे जा. उजवीकडे वळावं लागलं तर मधला ठिपका टाकून द्या, एक पाऊल मागे या, पुन्हा बघा. मूळ पेपर दोन पानांचा आहे. ग्रॅहम पट्टीचा जगलर होता म्हणे, आणि तो पेपर वाचताना ते खरंच वाटतं.

पण धन आणि ऋण यांच्या मध्ये शून्यही असतं. तिन्ही ठिपके एकरेषीय असतील तर? आमच्या पुस्तकात यावर एक साळसूद वाक्य होतं: कोणतेही तीन बिंदू एकरेषीय नाहीत असे मानू. सर म्हणाले, "हे वाक्य लेखकाच्या सोयीचं आहे. तुमचा डेटा हे वाक्य वाचत नाही." आणि अभ्यासक्रम बाजूला ठेवून ते तीन आठवडे त्या शून्यावरच बसले. तेव्हा आम्ही कुरकुरलो. परीक्षेत शून्यावर किती मार्कांचा प्रश्न येणार?

त्यात शून्य खरंच शून्य आहे की नाही, हेही कळत नाही. संगणक दशांश चिन्हापुढचे आकडे ठराविक जागेत कोंबतो, उरलेलं कापतो. २००४ साली केटनर, मेलहॉर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी यावर एक पेपर लिहिला, तो मी नोकरीत असताना वाचला. (१२, १२) आणि (२४, २४) हे दोन ठिपके पक्के ठेवायचे. तिसरा (०.५, ०.५) च्या आसपास, संगणकाला जमेल तितक्या बारीक पावलांनी सरकवायचा आणि प्रत्येक ठिकाणी डावं-उजवं विचारून रंग भरायचा. खरं तर मधोमध एक तिरकी रेषा दिसायला हवी. दिसते ती गोधडी! डावीकडचे काही ठिपके उजव्या रंगाचे, उजवीकडचे डाव्या, आणि मध्ये 'रेषेवरच' म्हणणाऱ्यांचा जाडजूड पट्टा. अशा उत्तरांवर रबरबँड चालवला तर कधी एखादा ठिपका ढळढळीत बाहेर राहतो, कधी प्रोग्रॅम थांबतच नाही.

यावर इलाज आहेत. जोनाथन श्यूचुकचा १९९७ चा इलाज मला सगळ्यात आवडतो. आधी झटपट गणित करायचं आणि चूक जास्तीत जास्त किती होऊ शकते तेही मोजायचं. उत्तर त्या चुकीपेक्षा मोठं असेल तर विश्वास ठेवा, नाहीतर अधिक काटेकोर गणित करा. शून्य आलं तर ते खरोखरचं शून्य. आपण जिंकलो, असं वाटतं.

पण मग रेषेवरच्या माणसाचं काय करायचं?

काही वर्षांपूर्वी मी गृहकर्ज देणाऱ्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. त्यात एक तपासणी होती: घर निळ्या पूररेषेच्या आत आहे का? निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्याच्या आत म्हटलं की फाईल बंद. तपासणीची रीत कॉलेजात शिकलेलीच. घराच्या बिंदूपासून पूर्वेकडे एक किरण सोडायचा आणि तो हद्द किती वेळा ओलांडतो ते मोजायचं. विषम असेल तर आत, सम असेल तर बाहेर. यासाठी आठ-दहा ओळींचा एक जुना कोड जगभर फिरतो. तिथेही आधीच्या टीमने तोच बसवला होता, आणि तो चोखच आहे. फक्त बिंदू नेमका रेषेवर असेल तर हद्दीच्या पश्चिम कडेवरचा 'आत' धरला जातो आणि पूर्व कडेवरचा 'बाहेर'. याला कारण आहे. शेजारच्या दोन तुकड्यांच्या सामाईक कडेवरचा बिंदू दोघांतही मोजला जाऊ नये, आणि दोघांतूनही सुटू नये.

तुकडे मोजायला हे उत्तम. पण नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहत असेल, तर रेषेवरचं पश्चिम काठाचं घर पुरात आणि पूर्व काठाचं कोरडं! हे मी मीटिंगमध्ये फळ्यावर काढून दाखवलं. मॅनेजर म्हणाले, "अरे, एवढ्या नेमकेपणाने रेषेवर कोण राहतं?" राहतात ना. १:४००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद असते. त्यात एक खोली मावते, कुंपणाची भिंत मावते, तुळशी वृंदावन तर नक्कीच. त्या आठवड्यात थांबलेल्या फायलींपैकी एक अशाच घराची होती. पश्चिम काठ.

तिसरं उत्तर द्यायचं तर सॉफ्टवेअरमध्ये जागा होती, पण फॉर्मवर दोनच रकाने होते, 'आहे' आणि 'नाही'. कोड बदलायला मला एक दुपार लागली आणि फॉर्म बदलायला पाच महिने. आता तिथे 'हद्दीवर' असा तिसरा रकाना आहे. त्यात पडलेली फाईल घेऊन कोणीतरी टेप आणि पूररेषेचा नकाशा घेऊन जागेवर जातो.