एका पहारेकरी जहाजाची दुसरी चाकरी

ब्रेमेन या जर्मन शहराजवळ, वेझर नदीच्या काठी, ल्युर्सेन घराण्याच्या गोदीत १९७७ साली एक जहाज बांधून तयार झाले. त्याची लांबी सुमारे ७७ मीटर, म्हणजे अडीचशे फुटांच्या आसपास. ते युद्धनौकाही नव्हते आणि व्यापारी बोटही नव्हती. जर्मन सरकारने ते मासेमारीच्या रक्षणासाठी बांधवून घेतले होते व त्यास 'मीरकाट्झे' असे नाव दिले होते. या शब्दाची फोड केली तर 'समुद्रमांजर' असा अर्थ निघतो. परंतु जर्मन भाषेत ते एका लांब शेपटीच्या माकडाचे नाव आहे. या जहाजाने पुढील आयुष्यात जे कार्य केले ते आमच्या वाचकांस ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्याच १९७७ सालापासून युरोपीय समुदायातील देशांनी उत्तर समुद्रात व उत्तर अटलांटिक महासागरात आपापल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर हक्क सांगितला. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हक्क आला की पहाराही आलाच. यांत्रिक ट्रॉलर आणि रांपणकार यांचा गोव्याच्या किनाऱ्यावरील वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मासळीवर पहारा का लागतो हे सांगणे नलगे. मासेमारी नौकांवर चढून जाळ्याची वीण ठरल्याहून बारीक नाही ना, मासळी नोंदवहीत लिहिल्याहून अधिक नाही ना, हे पाहणे हे अशा पहारेकरी जहाजाचे काम.

पण या जातीच्या जर्मन जहाजांकडे आणखीही एक सेवा असे. त्यांच्यावर डॉक्टर असे व आजाऱ्यांसाठी खोली असे. किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, बर्फासारख्या वाऱ्यात, एखाद्या खलाशाचा हात यंत्रात सापडला किंवा कोणाच्या पोटात असह्य कळा सुटल्या, तर घरचे बंदर गाठेपर्यंत त्याचा जीव राहील याचा भरवसा नसे. तेव्हा हे जहाज त्याच्याकडे जाई. कोणाचे इंजिन बंद पडले तर साहाय्य देई, वादळाची वार्ता आधी कळवी. सारांश, जो पहारेकरी दंड करी, तोच संकटात धावूनही येई.

अशी तीस वर्षांहून अधिक सेवा झाली. २००९ साली त्याच नावाचे नवे जहाज सरकारच्या सेवेत आले आणि जुने खासगी मालकाकडे गेले. त्यांनी त्याचे नाव 'ॲक्वेरियस' असे ठेवले. आपण ज्याला कुंभ रास म्हणतो तिचे हे लॅटिन नाव. त्याचा अर्थ पाणी वाहणारा, पाणक्या. काही वर्षे हे जहाज समुद्राच्या पाहणी-मोजणीच्या कामास लागले. म्हाताऱ्या जहाजाचे दिवस असेच जातात आणि शेवटी ते मोडीत निघते. याच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. का घडले नाही ते समजण्यासाठी उत्तरेचा थंड समुद्र सोडून आपणांस दक्षिणेकडे, भूमध्य समुद्राकडे वळले पाहिजे.

भूमध्य समुद्रात लाम्पेदूसा नावाचे इटलीचे एक लहानसे बेट आहे. ते सिसिलीपेक्षा आफ्रिकेच्या ट्युनिशिया देशाला अधिक जवळ. युद्ध, उपासमार आणि जुलूम यांना कंटाळलेली माणसे लिबियाच्या किनाऱ्यावरून दलालांना पैसे मोजून, फुटक्यातुटक्या होड्यांत बसून या बाजूस येऊ लागली. ८ जुलै २०१३ रोजी पोप महाशय फ्रान्सिस या बेटावर गेले आणि वाटेत बुडालेल्यांच्या स्मरणार्थ त्यांनी समुद्रात पुष्पचक्र सोडले. तीन महिनेही उलटले नाहीत तोच, ३ ऑक्टोबर रोजी, त्याच बेटाच्या समोर एक होडी जळून उलटली व ३६८ माणसे मेली. त्यानंतर इटलीच्या नौदलाने एक वर्ष स्वतः जहाजे पाठवून लाखाहून अधिक लोकांस वाचवले. ही गोष्ट इटलीच्या बाजूने लिहून ठेवण्यासारखी आहे. पण खर्चाचा भार व इतर देशांची उदासीनता यांमुळे २०१४ च्या अखेरीस ती मोहीम थांबली. एप्रिल २०१५ मध्ये एकाच दुर्घटनेत सातशेहून अधिक माणसे बुडाली.

क्लाउस फोगेल नावाचे एक जर्मन कप्तान मोठमोठी मालवाहू जहाजे चालवीत असत. इटलीची मोहीम थांबली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. सोफी बो या फ्रेंच बाई परोपकारी संस्थांतून काम केलेल्या. या दोघांनी २०१५ साली 'एसओएस मेदितेराने' ही संस्था उभी केली आणि सामान्य नागरिकांकडून वर्गणी गोळा करून जहाजाचा शोध सुरू केला. त्यांना ॲक्वेरियस मिळाले. उत्तरेच्या वादळांसाठी बांधलेला भक्कम सांगाडा, दूरवर पाहता येईल असा उंच सज्जा, लहान बोटी खाली सोडण्याची सोय आणि आजाऱ्यांसाठी जागा, या चारही गोष्टी त्यात होत्या. मच्छीमारांसाठी जे केले होते तेच आता उपयोगी पडले. जहाजाचे भाडे व चालवण्याचा खर्च दिवसाला सुमारे ११,००० युरो होता आणि तो बहुतांशी देणगीतून भागे. २०१६ च्या आरंभी जहाज दक्षिणेस आले, आणि लवकरच 'सीमारहित डॉक्टर' या संस्थेचे डॉक्टर, परिचारिका व सुईण त्यावर रुजू झाल्या.

रोम येथे अध्ययनासाठी असताना आम्ही एका सुट्टीत सिसिली बेटावरील कातानिया शहरी गेलो होतो. एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेले, संत आगाथेला आपली रक्षणकर्ती मानणारे हे बंदर. त्या सकाळी धक्क्याला ॲक्वेरियस लागले होते. खालचे अंग नारिंगी, वरचे मजले पांढरे, आणि अंगावर संस्थेचे नाव मोठ्या अक्षरांत. कठड्यावर धुतलेली जाकिटे ओळीने वाळत घातली होती. एरवी कोणी ते पाहून थबकले नसते. तरी आम्ही बराच वेळ तेथे उभे राहिलो, कारण धक्क्यावरील एक वृद्ध कोळी आपल्या नातवास बोट दाखवून त्याचे नाव सांगत होता.

या जहाजाचे काम कसे चाले तेही सांगितले पाहिजे. लिबियाच्या हद्दीबाहेर, आंतरराष्ट्रीय पाण्यात ते येरझारा घाली. सज्जावर पहाटेपासून दुर्बिणी लावून माणसे उभी असत. रोममधील सरकारी सुटका केंद्राकडून वर्दी येई की अमुक ठिकाणी होडी दिसली आहे. जहाज जवळ गेले की ते स्वतः दूर थांबे आणि वेगवान लहान बोटी पुढे जात. एकदम जवळ जाणे घातक. कारण घाबरलेली माणसे एका बाजूस सरकली की शंभराहून अधिक जणांनी भरलेली रबरी होडी क्षणात उलटते. म्हणून आधी मोठ्याने धीर द्यायचा, शांत बसा म्हणून सांगायचे, मग प्रत्येकास तरंगण्याचे जाकीट द्यायचे, आणि नंतर मुले, स्त्रिया व आजारी यांना आधी उचलायचे. जहाजावर आल्यावर प्रत्येकास पाणी, कोरडे कपडे, कांबळे आणि थोडे अन्न असलेली पिशवी मिळे. स्त्रिया व मुले यांची खोली वेगळी होती. पुरुष मागल्या उघड्या डेकवर निजत.

डॉक्टरांपुढे नेहमी येणारी दुखापत आम्हांस ठाऊक नव्हती. होडीच्या तळाशी इंजिनाचे पेट्रोल सांडते, त्यात खारे पाणी मिसळते, आणि त्या मिश्रणाने कातडी भाजून निघते. स्त्रिया व मुले सुरक्षित राहावीत म्हणून त्यांना होडीच्या मध्यभागी बसवलेले असते, आणि पाणी साचते तेही नेमके तेथेच. २० जुलै २०१६ रोजी ॲक्वेरियसच्या लोकांना एका रबरी होडीच्या तळात २२ मृतदेह मिळाले. त्यांतील २१ स्त्रियांचे होते. जिवंत राहिलेल्या दोनशेहून अधिक माणसांसह ते मृतदेह सिसिलीतील त्रापानी बंदरात उतरवण्यात आले. याच जहाजावर काही बालके जन्मासही आली. दोन्ही गोष्टी एकाच मजल्याखाली घडल्या.

वाचवलेल्यांत नायजेरिया, एरिट्रिया, सुदान, गिनी अशा आफ्रिकी देशांचे लोक असत, तसे आपल्या शेजारच्या बांगलादेशाचेही असत. २०१६ ते २०१८ या काळात त्यांची संख्या तीस हजारांच्या जवळ पोचली. २०१७ साली या संस्थेस व लाम्पेदूसाच्या माजी महापौर जुसेप्पिना निकोलिनी यांना युनेस्कोचा शांतता पुरस्कार देण्यात आला.

जून २०१८ मध्ये मात्र वारे फिरले. जहाजावर ६२९ माणसे होती. त्यांत १२३ मुले आईबापांवाचून आलेली, आणि सात स्त्रिया गर्भवती. इटलीच्या नव्या सरकारने बंदर नाकारले, माल्टानेही नाकारले. जहाज दोघांच्या मधोमध समुद्रात थांबून राहिले. शेवटी स्पेनच्या सरकारने वॅलेन्सिया बंदर खुले केले. इटलीच्या दोन सरकारी जहाजांनी बहुतेक माणसे आपल्याकडे घेतली, आणि तिन्ही जहाजे खवळलेल्या समुद्रातून शेकडो मैल चालून १७ जून रोजी तेथे पोचली. वॅलेन्सिया शहराची रक्षणकर्ती पवित्र मरिया आहे, आणि तेथील लोक तिला 'निराधारांची माता' या नावाने शतकानुशतके हाक मारीत आले आहेत. ऑगस्टमध्ये पुन्हा तोच प्रकार घडला. १४१ माणसे घेऊन जहाज दिवसेंदिवस वाट पाहत राहिले. पाच देशांनी त्या लोकांना वाटून घेण्याचे मान्य केल्यावर माल्टाने बंदर दिले. तो दिवस १५ ऑगस्ट, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाचा होता.

येथे दुसरी बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. इटलीचे म्हणणे असे की, एकट्या २०१६ साली १,८०,००० हून अधिक माणसे आमच्या किनाऱ्यावर उतरली, आणि शेजारी देशांनी हात झटकले. काहींचे म्हणणे असे की, वाचवणारी जहाजे जवळ आहेत हे कळल्यामुळे दलाल आणखी कुचक्या होड्या पाण्यात लोटतात. पहिले म्हणणे खरे आहे व त्याचे उत्तर साऱ्या युरोपने द्यावयास हवे. दुसऱ्याविषयी विद्वानांचे वाद चालू आहेत. पण दोन्ही प्रश्न जमिनीवर बसून सोडवायचे आहेत. पाण्यात पडलेल्या माणसास ते प्रश्न सुटेपर्यंत थांबता येत नाही. समुद्राच्या कायद्याने हे केव्हाच ओळखले आहे. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ साली जहाजांच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे १९७९ साली हॅम्बुर्ग येथे झालेल्या करारात तर स्पष्टच म्हटले आहे की, संकटात सापडलेला मनुष्य कोणत्या देशाचा, कोणत्या स्थितीतला, हे न पाहता त्यास मदत द्यावी. आधी हात, मग चौकशी, असा हा क्रम आहे. ॲक्वेरियसने तो पाळला.

जहाजास समुद्रावर जायचे तर कोणत्या तरी देशाचे निशाण लागते. निशाणावाचून जहाज म्हणजे नाव-गाव नसलेला मनुष्य. ऑगस्ट २०१८ मध्ये जिब्राल्टरने आपले निशाण काढून घेतले. पनामाने दिले, पण पुढच्याच महिन्यात तेही काढून घेण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरच्या आरंभी जहाज फ्रान्सच्या मार्सेय बंदरात परतले आणि तेथेच अडकले. इटलीत जहाजावरील कचऱ्याच्या विल्हेवाटीबद्दल खटलाही उभा राहिला. संस्थांनी तो आरोप नाकारला. डिसेंबर २०१८ मध्ये ॲक्वेरियसची ही चाकरी संपली. वादळाने त्याला अडवले नव्हते. यंत्र बिघडल्याचेही काही नव्हते. कागद संपले. पुढे २०१९ पासून त्याच संस्थेने 'ओशन व्हायकिंग' हे दुसरे जहाज त्या कामास लावले.

मार्सेय शहरात टेकडीवर 'नोत्र दाम द ला गार्द' हे मरियेचे महामंदिर आहे. दर्यावरून सुखरूप परतलेल्या खलाशांनी नवस फेडताना वाहिलेली लहान लहान जहाजे त्याच्या छतापासून लोंबत आहेत. २२ सप्टेंबर २०२३ रोजी पोप महाशय फ्रान्सिस तेथे गेले, समुद्रात हरवलेल्यांच्या स्मारकापाशी त्यांनी प्रार्थना केली, आणि बुडणाऱ्यांना वाचवणे हे माणुसकीचे कर्तव्य आहे असे बजावले. २०१४ पासून भूमध्य समुद्रात मेलेल्या व हरवलेल्यांची संख्या तीस हजारांवर गेली आहे. पोप महाशय २०२५ साली निवर्तले. समुद्रावरचे मरण अजून थांबलेले नाही.

वाचकहो, गोव्यातील आपल्या कित्येक घरांतून पिढ्यान् पिढ्या तारवटी बोटीवर गेले आहेत. घरी राहिलेल्या आईस दर्याची भीती काय असते हे कोणी शिकवावे लागत नाही. ती संध्याकाळच्या जपमाळेत आपल्या मुलाचे नाव घेते, आणि त्याच्या बोटीला काही झाले तर जवळून जाणारी कोणती तरी बोट थांबेल, असा विश्वास धरते. तो विश्वास एरिट्रियातील व बांगलादेशातील आईलाही धरता यावा. आज जपमाळ म्हणताना एक 'नमो मरिया' तिच्या मुलासाठीही म्हणावे, एवढीच आमची विनंती आहे.