कॅनमधलं ऑइल

पावसाळ्यात वसईच्या वाडीत गवताला उसंत नसते. केळीच्या ओळी एका टोकाकडून साफ करत दुसऱ्या टोकाला पोहोचावं, तर पहिल्या टोकाला पुन्हा घोट्याएवढं उगवलेलं. पूर्वी आमच्या निर्मळ-भुईगाव पट्ट्यात हे काम विळ्या-खुरप्यांवर व्हायचं. आता त्या कामाला माणसं मिळत नाहीत, म्हणून बऱ्याच वाड्यांत खांद्याला अडकवायचा ग्रास कटर आला. आमचा कटर टू-स्ट्रोक आहे. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल कालवण्याचं काम मी स्वतःकडे ठेवलं आहे.

मोटारीच्या इंजिनात ऑइल खाली वेगळं साठवलेलं असतं. या छोट्या इंजिनात तशी सोयच नाही. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमधून जातात, जाताजाता त्यातलं ऑइल बेअरिंगना आणि पिस्टनला लागतं आणि मग पेट्रोलबरोबर जळून जातं. आपण कॅनमध्ये ओतलं तेवढंच ऑइल इंजिनाला मिळणार.

हे मला बाबांच्या चेतक स्कूटरमुळे लहानपणीच कळलं. पंपावर टू-टी ऑइल मोजून द्यायचं यंत्र असे. लिटरला २० मिली. बाबा ऑइल आधी टाकायला लावत आणि पेट्रोल नंतर, म्हणजे धार पडता पडता दोन्ही एकजीव होत. टाकी भरेपर्यंत ते तिथून हलत नसत. टू-स्ट्रोक स्कूटर गेल्या आणि ही सवयही घराघरांतून गेली. कटर आले तेव्हा नवी पिढी ऑइलच्या बाटलीचं बूचच माप म्हणून वापरू लागली.

मध्यंतरी शेजारच्या वाडीतला कटर चालता चालता जाम झाला. गॅरेजमध्ये इंजिन खोललं तेव्हा मी तिथेच होतो. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडे पडले होते, रिंग खाचेत अडकली होती. ती बाजू सगळ्यात जास्त तापते, ऑइल कमी पडलं की पहिली तीच खरवडते. मेकॅनिक म्हणाला, “काका, ह्यात ऑइल पोचलंच नाही.” शेजारी मात्र शपथेवर सांगत होता की ऑइल घातलं होतं, तेही मोजून.

दोघंही खरं बोलत होते. मेकॅनिकने कॅनमधलं उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. थोड्या वेळाने तळाला वेगळा, गढूळ थर दिसला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल ते घेऊन तळाशी बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. कटरच्या टाकीतल्या नळीला वजनदार फिल्टर असतो, तो तळाशीच लोळतो. म्हणजे इंजिन ओढतं ते नेमकं बिनऑइलचं. तो कॅन पावसाळाभर पडवीत होता, झाकण सैल. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत याहून वाईट साठवण नाही.

मग जास्तच ऑइल घालावं का? अनेकांना तो सुरक्षित उपाय वाटतो. तो नाही. ऑइल वाढलं की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं आणि इंजिन उलट जास्त तापू शकतं. शिवाय प्लग काळा पडतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते आणि तो धूर कटर चालवणाऱ्याच्या नाकात जातो. आमच्याकडे जव्हारकडचा एक मुलगा कटर चालवतो, अर्धा दिवस तो धुरातच असतो. म्हणून मी जासो एफडी दर्जाचंच ऑइल आणतो. ते थोडं महाग पडतं, पण धूर कमी होतो.

अर्नाळ्याच्या भावाने एकदा होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टू-स्ट्रोक ऑइल देऊ केलं. ते प्रेमाने परत केलं. ते इंजिन पाण्याने थंड होतं, त्याचं ऑइलही त्याच हिशोबाने बनवलेलं असतं. कटर वाऱ्यावर थंड होतो, बराच जास्त तापतो.

प्रमाण मशीनच्या पुस्तकातलंच घ्यावं. एकास पन्नास लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, एकास पंचवीस असेल तर ४० मिली. मी औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज वापरतो. धातूच्या कॅनमध्ये आठवड्याला पुरेल एवढंच कालवतो आणि टाकी भरण्याआधी प्रत्येक वेळी कॅन हलवतो. पावसाळा सरला की टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून राहत नाही.

वाडीवाल्यांना एवढीच विनंती आहे: मुलाच्या हाती कॅन देण्याआधी त्यावर प्रमाण आणि कालवल्याची तारीख लिहा, आणि गेल्या मोसमातलं उरलेलं काही झालं तरी टाकीत ओतू नका.