पान्याची खोट हातालाच कळते

कारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा बस डेपोत काम करणाऱ्या माणसाच्या घरी एक पत्र्याची पेटी असते. मुलांनी तिला हात लावायचा नसतो. त्या पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक पाना असतो. त्याला पुस्तकात रॅचेट म्हणतात. आम्ही फिटर लोक गोटी पाना म्हणतो, कारण त्याच्या तोंडाला नटाच्या मापाप्रमाणे वेगवेगळ्या गोट्या, म्हणजे सॉकेट, बसवता येतात.

मी ३१ वर्षे मेंटेनन्स फिटर म्हणून नोकरी केली. या पान्याने घर चालवले, मुलांची शिक्षणे केली, बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडले. आज त्याच पान्याबद्दल चार गोष्टी लिहाव्या असे वाटते. वाचक म्हणतील, पान्यावर काय लिहायचे? पण या लोखंडाच्या पोटात एका १८ वर्षांच्या पोराची हकीकत आहे. हातावर पोट असलेल्या प्रत्येक घराने ती वाचावी अशी आहे.

ज्या माताभगिनींनी हा पाना हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी आधी तो कसा चालतो ते सांगतो. साध्या पान्याने नट फिरवताना थोडे फिरवले की पाना काढावा लागतो, पुन्हा लावावा लागतो. रॅचेटमध्ये तसे करावे लागत नाही. त्याच्या डोक्यात एक दातेरी चाक असते आणि त्या दातात अडकणारी एक छोटी खिटी असते. एका बाजूला ओढले की खिटी दातात अडकते आणि नट फिरतो. उलट नेले की खिटी दातांवरून कटकट करत सरकते आणि नट जागेवर राहतो. सायकलचे पेडल उलटे फिरवले की मागच्या चाकातून जो कटकट आवाज येतो, तीच ही युक्ती. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातील जे. जे. रिचर्डसन यांना १८६३ मध्ये अशा रॅचेट पान्याचे पेटंट मिळाले होते. म्हणजे ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी.

पण एवढ्याशा वस्तूतही माणूस सुधारणा करतच आला. चाकाला २४ दात असले तर पुढचा दात पकडायला दांडा १५ अंश मागे न्यावा लागतो. मशीनच्या कोपऱ्यात, पाइपांच्या मध्ये तेवढी जागा नसते. म्हणून दात वाढवून ७२ केले. मग ५ अंशांतही काम होऊ लागले. पण दात वाढले की ते बारीक होतात, आणि बारीक दात जोराला झडतात. त्यावर तोड म्हणून खिटी रुंद केली आणि एका वेळी अनेक दात पकडू लागली. कोणी दोन खिट्या बसवल्या, एक दात पकडते तेव्हा दुसरी अर्ध्या दातावर असते. त्यामुळे ३६ दातांचे चाक ७२ दातांसारखे चालते आणि दात मात्र जाड राहतात. दात बारीक केल्याचा तोटा खिटीने भरून काढला. सुधारणा अशीच होते. एका ठिकाणचे दुखणे काढावे तर दुसरीकडे निघते, मग त्याचाही उपाय शोधावा लागतो.

नव्या मुलांना दोन गोष्टी जाता जाता सांगतो. गंजून घट्ट बसलेला नट रॅचेटने सोडवायला जाऊ नये. आधी लांब दांड्याने तो ढिला करावा, मग रॅचेट लावावा. आणि डोक्यात घट्ट ग्रीस भरू नये. खिटी चिकटते, दातात नीट बसत नाही आणि जोर लावला की घसरून बोटे फुटतात. पातळ तेलाचे दोन थेंब पुरेत.

आता गोटीची अडचण. पान्याच्या चौकोनी टोकावर एक बारीक छर्रा असतो. तो स्प्रिंगने बाहेर येऊन गोटीला आतून धरून ठेवतो. छर्रा ढिला असेल तर गोटी पडते, घट्ट असेल तर निघत नाही. हात तेलाने माखलेले, एका हाताने पाना धरा, दुसऱ्या हाताने गोटी ओढा, फडक्याने धरा, कधी स्क्रू ड्रायव्हरने उचकटा. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे असेच पाने होते. मशीनखाली उताणे पडून गोटी बदलताना ती हातातून निसटायची आणि थेट तेलाच्या खड्ड्यात. सापडली नाही तर किंमत पगारातून कापली जायची. गोटी अशी का बनवली, हा प्रश्न आम्हाला रोज पडायचा. पण प्रश्न पडणे आणि त्याच्यामागे लागणे यात फरक आहे.

त्याच्यामागे लागला तो पीटर रॉबर्ट्स. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात गार्डनर नावाचे गाव आहे. तिथे सिअर्स, रोबक या मोठ्या कंपनीच्या दुकानात हा मुलगा साधा विक्रेता होता. वय १८. सन १९६३. आपल्या मोकळ्या वेळात त्याने असा पाना तयार केला की डोक्यामागची गुंडी अंगठ्याने दाबली की आतला खिळा सरकतो, छर्ऱ्याला आत जायला जागा मिळते आणि गोटी सुटते. गुंडी सोडली की छर्रा पुन्हा बाहेर आणि गोटी पक्की. सगळे एका हाताने. मे १९६४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. मग पाना आपल्या दुकानाच्या मॅनेजरला दाखवला. सूचना म्हणून तो कंपनीकडे पाठव, असे त्याला सांगण्यात आले. त्याने पाठवला.

पुढे जे झाले ते तिथल्या कोर्टाच्या निकालात नोंदलेले आहे. कंपनीने आतल्या आत चाचण्या घेतल्या आणि वस्तू उपयोगी असल्याचे तिला कळले. पण मुलाला सांगितले की यात फारसे नवे काही नाही, बनवायला ४० ते ५० सेंट खर्च येईल, जाहिरात केली तरच खपेल, आणि या सगळ्याची किंमत १० हजार डॉलरपेक्षा जास्त नाही. प्रत्यक्षात खर्च २० सेंटच्या आसपास होता. जुलै १९६५ मध्ये करार झाला. एका पान्यामागे २ सेंट, आणि एकूण १० हजार डॉलर झाले की सगळे हक्क कंपनीचे.

वाचकांनी जरा हिशेब करावा. २ सेंटप्रमाणे १० हजार डॉलर व्हायला ५ लाख पाने विकावे लागतात. मुलाला वाटले असेल, याला कित्येक वर्षे लागतील. सही झाल्यावर काही दिवसांतच कंपनी आठवड्याला ४४ हजार पाने बनवू लागली. नऊ महिन्यांत ५ लाखांचा आकडा पार झाला. मुलाला त्याचे १० हजार मिळाले आणि त्याचा संबंध संपला. सन १९७५ पर्यंत कंपनीने १ कोटी ९० लाखांहून अधिक पाने विकले. नुसता २ सेंटचाच दर पुढे चालू राहिला असता तरी ३ लाख ८० हजार डॉलर झाले असते.

रॉबर्ट्स डिसेंबर १९६९ मध्ये कोर्टात गेला. सन १९७७ मध्ये पंचांनी, म्हणजे ज्युरीने, फसवणूक झाली असा निर्णय देऊन १० लाख डॉलर द्यायला लावले. सन १९७८ मध्ये वरच्या कोर्टाने तो निर्णय कायम केला आणि पेटंट परत मिळण्याचा त्याचा मार्ग मोकळा केला. मग पेटंटवरून दुसरा खटला झाला. सन १९८२ मध्ये तोही तो जिंकला. पण १९८३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. प्रश्न असा निघाला की, ही सुधारणा खरोखर नवी होती, की कोणाही जाणत्या कारागिराला सहज सुचली असती? अखेर १९८९ मध्ये समझोता झाला. १८ वर्षांचा पोरगा तोवर चाळिशी ओलांडून गेला होता.

सहज सुचली असती! हा शब्द मला फार लागला. शंभर वर्षे लोक तेलकट हातांनी गोट्या ओढत होते, कोणाला सुचली नाही. सुचल्यावर मात्र सगळ्यांना सोपी वाटली. कामगाराच्या अकलेचे नेहमी असेच होते. करून दाखवण्याआधी ती अशक्य असते, आणि करून दाखवल्यावर त्यात विशेष काही नसते.

हे अमेरिकेतच होते असे नाही. मी ज्या कारखान्यात होतो तिथे आमच्या एका सोबत्याने, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पट्टा बदलायची एक जोडणी बनवली होती. तीन माणसांचे काम एका माणसावर आले. सूचना पेटीत त्यांनी कागद टाकला. सहा महिन्यांनी ती जोडणी सगळ्या खात्यात लागली. नोटीस बोर्डावर अभिनंदन झाले ते एका साहेबांचे. दादांना भिंतीवरचे घड्याळ मिळाले. दादा घड्याळाबद्दल कधी बोलले नाहीत. ते म्हणायचे, “पैशाचे जाऊ दे रे, पण पोरांना दाखवायला नाव तरी पाहिजे होते.”

हे सगळे आज लिहायचे कारण माझा भाचा आहे. आयटीआय करून तो कंत्राटदारामार्फत एका वर्कशॉपमध्ये लागला आहे. हातमोजे घालून अडचणीत काम करताना रॅचेटची दिशा बदलायची चाप धक्का लागून आपोआप फिरते, आणि सुटायचा नट उलट आवळला जातो. त्याने त्या चापेला मोजे न काढता उघडता येईल असे एक झाकण बसवले आहे. रविवारी तो पाना घेऊन घरी आला. सुपरवायझर म्हणाला होता, कागद माझ्याकडे दे, मी वर दाखवतो. दोन महिन्यांनी कंत्राट नव्याने व्हायचे आहे.

“मामा, देऊ का नको? नाही दिला तर पुढच्या वेळी घेणार नाहीत,” तो म्हणाला.

मी उत्तर देण्याआधी त्याची मामीच बोलली, “बचत गटाचा कागदसुद्धा मी दोनदा वाचून घेते. तू तुझ्या डोक्याचा कागद न वाचता देणार होय?”

तिचे म्हणणे खरे होते. आम्ही तिघे बसलो. आधी त्याचा नेमणुकीचा कागद वाचला. अनेक कारखान्यांच्या करारात असे कलम असते की नोकरीत लागलेला शोध कंपनीचा राहील. त्याच्या कागदात तसे काही नव्हते. मग त्याने मोबाईलवर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेतला. तो फुकट घेता येतो. मिळतीजुळती दोन-तीन झाकणे सापडली. याची उघडायची रीत वेगळी आहे. ती कायद्याने नवी ठरेल की नाही ते तपासणारा अधिकारी ठरवील. पण आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळले.

आपल्या घरांतील मुलामुलींसाठी आम्हाला समजलेले इथे मांडतो. आपल्या देशात पेटंट अर्ज केल्या तारखेपासून २० वर्षांचे असते. अर्ज करण्याआधी वस्तू चारचौघांत मांडू नये, तिचे नवेपण जाते. सगळे पक्के झाले नसेल तर आधी तात्पुरता अर्ज करता येतो आणि १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. त्यामुळे तारीख आपल्या नावावर लागते. एकट्या माणसाला मोठ्या कंपनीपेक्षा फी बरीच कमी असते. मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात हे कार्यालय आहे. सन २००० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान गुजरातेत आहे. कसलेही मोठे शिक्षण नसलेल्या कारागिरांना आणि शेतकऱ्यांना ते अशा कामात मदत करते. आणखी एक गोष्ट दादांच्या आठवणीने सांगतो. हक्क दुसऱ्याला विकले तरी शोध लावणाऱ्याचे नाव पेटंटमध्ये नोंदवून घेता येते. आपल्या पेटंट कायद्याच्या २८व्या कलमात ती तरतूद आहे.

भाच्याने ठरवले आहे की आधी तात्पुरता अर्ज करायचा, मगच कागद दाखवायचा. कंत्राट पुन्हा मिळेल की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याच्या आईला घोर लागला आहे, आणि तो खोटा नाही. घरात कमावता तोच. अर्ज मंजूर झाला तरी लगेच पैसे येतात असे नाही. रॉबर्ट्सला तर हातात पेटंट असून वीस वर्षे भांडावे लागले. म्हणून मी त्याला नोकरी सोड असे म्हटले नाही. कागदावर तारीख आणि नाव तुझे असू दे, बाकीचे बोलणे त्यानंतर, एवढेच म्हटले.

त्या सिअर्स कंपनीने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. रॉबर्ट्सच्या त्या गुंडीसारखी गुंडी मात्र आज बाजारातल्या कितीतरी रॅचेटवर असते. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी मुलांना एकदा तरी पाना हातात द्यावा, गुंडी दाबून दाखवावी आणि ती कोणाला सुचली ते सांगावे. पोरगी असो की पोरगा, “हे असे का, याहून बरे करता येईल का?” असे विचारू लागले तर त्याला गप्प करू नये. पाटी-पेन्सिल द्यावी, चित्र काढायला लावावे, आणि त्या चित्राखाली तारीख घालून त्याचे पूर्ण नाव लिहायला सांगावे.